फाल्गुनात तोडलेल्या फाट्याची बंडी तान्ह्या पोळ्यापर्यंत नीट राहील कशी?

वर्धाकाठ

होळी झाली. बांधावरच्या निंबाची आणि शिवणीची छाटणी आटोपली, मनगटापासून मांडीएवढ्या जाडीचे फाटे अंगणात पडून आहेत. यातून अंगणवाडीतल्या आणि पहिली-दुसरीच्या पोट्ट्यांसाठी १२ बंड्या (छोट्या बैलगाड्या), तेवढ्याच बैलजोड्या आणि जमले तर वखर-तिफण (कुळवणी-पेरणीची अवजारे) करायची आहे. हातात द्यायचे तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पोट्ट्यांच्या पोळ्याला.

मागच्या खेपेचे बिघाड सांगतो, म्हणजे उत्तर देणे सोपे जाईल. चाके गोल फांदीच्या चकत्या कापून केली होती, पंधरा दिवसांत एकूणएक मधातून परिघापर्यंत तडकली. ज्यांची चाके टिकली त्यांचा आख उन्हाळ्यात मस्त फिरत होता, पोळ्याला जाम. बैलांचे पाय गुडघ्यात तुटले. दोरी ओढली की बैल तोंडावर पडतो. आणि दोन बैलांतून पिठासारखा भुसा गळतो.

लाकूड ओले असतानाच कापून घ्यावे की वाळवून? आणि रंग कोणता लावावा? पोट्टे तोंडात घालतातच.

पाचर

दादा, फांदीची चकती हीच मूळ चूक. लाकूड वाळताना जे आखडते ते सगळीकडे सारखे आखडत नाही. गाभ्यापासून सालीकडे जेवढे आखडते, त्याच्या जवळपास दुप्पट ते गोलाईच्या दिशेने आखडते. लांबीत जवळजवळ काहीच नाही. चकतीत गाभा मधात अडकलेला असतो, गोलाई कमी व्हायला पाहते आणि तिला जागा मिळत नाही. मग एक फट पडते, कुल्फीच्या तुकड्यासारखी. ही फट पडणारच, कितीही सावकाश वाळवा.

म्हणून फाटे आजच उभे चिरा. दीड-दोन फुटांचे तुकडे करा, कुऱ्हाड आणि पाचरीने गाभ्यातून दोन भाग करा, मांडीएवढे असेल तर चार. जमल्यास गाभ्याची बोटभर पट्टी काढूनच टाका. गावाजवळ आरामशीन असेल तर १ इंची फळ्या पाडून घ्या, मजुरी फार नाही लागत. साल त्याच दिवशी सोला. सालीखाली अंडी घालणारा किडा साल नसली की येत नाही. भुसा गळतो तो मात्र बहुतेक दुसरा, बारीक भुंगा. तो पांढऱ्या बाहेरच्या लाकडातल्या पिठूळ अंशावर जगतो, आतल्या गडद लाकडाला सहसा तोंड लावत नाही. बाभळीचे पांढरे लाकूड तर त्याचे हक्काचे. बैलाला आतले लाकूड वापरा, पांढरे चुलीत घाला. खेळण्याला कीडनाशक पाजायच्या भानगडीत पडू नका.

आता वाळवणे. आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात हवा एवढी कोरडी की टोकांकडून पाणी झपाट्याने जाते आणि टोके आधी फाटतात. चिरल्या दिवशीच दोन्ही टोकांना वितळलेले मेण किंवा घट्ट फेविकॉलचे दोन हात द्या. जुने लोक शेण-माती थापत, तेही चालते, पण वाळून पडले की पुन्हा थापावे लागते. मग सावलीत, जमिनीपासून वीतभर उंच विटांवर, फळी आणि फळीच्या मधात सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून थप्पी लावा. वर चार-पाच विटांचे वजन. टिनावर वाळत घालू नका. पश्चिमेची बाजू उघडी असेल तर पोत्याचा पडदा लावा, नाहीतर वैशाखातली लू फळ्यांची होडी करून टाकते.

वाळले की नाही हे हाताला कळत नाही. किराणा दुकानातल्या काट्यावर एक तुकडा दर आठवड्याला मोजा आणि त्यावरच पेन्सिलीने लिहा. लागोपाठ दोन आठवडे वजन तेच आले की समजा ते हवेच्या बरोबरीला आले. शिवणीची इंची फळी दोन-तीन महिन्यांत येते, निंब थोडा उशिरा. होळीला चिरले तर ज्येष्ठात कामाला लागते, श्रावणाच्या अमावास्येला पोळा. वेळ बरोबर बसतो.

तिफण

लाकडाचे पाचरभाऊंनी सांगितले, मी चाक आणि आखाचे सांगतो. पोळ्याला जाम होण्याचे कारण तिथेच आहे.

तुम्ही काम करता वैशाख-ज्येष्ठात, लाकूड तेव्हा पापडासारखे कोरडे. खेळ होतो श्रावणात, तेव्हा तेच लाकूड हवेतले पाणी पिऊन फुगलेले. १०० मिलिमीटरचे चाक लाकडाच्या रेषेच्या आडव्या दिशेने दीडेक मिलिमीटर वाढते, रेषेच्या दिशेने काहीच नाही. म्हणजे चाक किंचित लंबगोल होते आणि त्याचे भोकही. इकडे आख फुगून जाड होतो. जेमतेम सैल ठेवलेले चाक त्यातच अडकते. तुम्ही उन्हाळ्यात ‘बेताचे’ बसवले, इथेच फसले. आख १२ मिलिमीटर असेल तर भोक १३ चे पाडा, सव्वातेरा झाले तरी चालते. आत्ता खडखडते म्हणून हसू नका, पोळ्याला नेमके बसेल. उलट जे लोक आषाढात घाईने बनवतात त्यांचे सांधे दिवाळीनंतर सुटायला लागतात.

सैल भोकाने चाक डुगडुगते. त्यावर उपाय भोक घट्ट करणे नाही, भोक लांब करणे. खऱ्या बंडीच्या चाकाला मधात तुंबा असतो तो उगाच नाही. १८ मिलिमीटर जाडीच्या चाकाला आतल्या बाजूने १२ मिलिमीटर जाडीचा आणि ३५ व्यासाचा गोल ठोकळा चिकटवा. भोकाची लांबी ३० झाली, म्हणजे आखाच्या अडीच पट. दीड पटीपेक्षा कमी असेल तर चाक लुटलुटणारच.

चाकाचे दोन मार्ग आहेत. सोपा म्हणजे ९ मिलिमीटरच्या दोन पातळ फळ्या, एकीची रेषा उभी, दुसरीची आडवी, अशा चिकटवून मग गोल कापणे. असे चाक फाटत नाही आणि लंबगोलही फारसे होत नाही. आऱ्यांचे खरे चाक करायचे असेल तर सहा आरे पुरेत, पण १२ बंड्या म्हणजे २४ चाके म्हणजे १४४ आरे. पहिल्या वर्षी हा नाद नको. आरे वरून कोळशाने रेखले तरी पोट्टे खुश.

फेविकॉलचे एक ध्यानात ठेवा. दुपारी ४३-४४ अंशात लावला तर दुसरी फळी ठेवेपर्यंत वर साय धरते आणि सांधा पोकळ राहतो. सकाळी आठच्या आत चिकटवा, सुतळीने आवळून मधात काडी घालून पीळ द्या, दुसऱ्या दिवशीपर्यंत हलवू नका. आणि साधा पांढरा नको, पाण्याला टिकणारा घ्या. बंडी चिखलात जाणारच, त्याच्यासाठीच ती आहे.

आख साट्याखाली (माल ठेवायच्या चौकटीखाली) पक्का, चाके मोकळी. आखाला भरीव बांबू, म्हणजे मानवेल, उत्तम. टोकाला ४ मिलिमीटरची आरपार खिळी मारा आणि चाक व खिळीच्या मधात चपटी लाकडी चकती घाला, नाहीतर चाक फिरून फिरून खिळीच कापून टाकते.

वर्धाकाठ

हे भोकाचे गणित डोक्यातच आले नव्हते. साट्याचे माप काय धरू? आणि मागे माती भरली की बंडी बैलांना उचलून घेते, त्याचे काय?

तिफण

उलाळ होते म्हणा ना! साटा २० × १२ सेंटिमीटर धरा, चाक १०. आख साट्याच्या बरोबर मधात लावू नका, मधापासून एक ते दीड सेंटिमीटर मागे घ्या. मग रिकामी असो की भरलेली, थोडे वजन जुवावर राहते. फार मागे नेला तर उलटे, बैलांच्या मानेवर भार येऊन तेच बसतात. मागच्या उभाऱ्या (साट्याच्या कडेच्या उभ्या काठ्या) पुढच्यांपेक्षा आखूड ठेवा, म्हणजे पोट्टे मागे ढीग लावत नाहीत. दोन्ही धुऱ्या (जुवापर्यंत जाणाऱ्या लांब दांड्या) साट्याखालून पुढे १८ सेंटिमीटर. जू २२ लांब, १५ मिलिमीटर चौरस, त्यात चार शिवळांची (बैलाच्या मानेच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्यांची) ६ मिलिमीटरची भोके. शिवळा काढता-घालता आल्या पाहिजेत. जुंपणे-सोडणे हाच अर्धा खेळ असतो, आणि बाजारच्या खेळण्यात नेमके तेच नसते, सगळे खिळ्यांनी ठोकलेले.

पाचर

पाय काहून तुटले ते सांगतो. तुम्ही अख्खा बैल एकाच फळीतून कोरला असणार, रेषा डोक्यापासून शेपटीकडे. मग पायात रेषा आडवी आली. आडव्या रेषेचा १५ मिलिमीटरचा पाय म्हणजे बिस्किट. धडाची रेषा आडवी असू द्या, पाय वेगळे करा, त्यांची रेषा उभी. धड १४ सेंटिमीटर लांब, ५ रुंद, ५ उंच. पाय १५ मिलिमीटर चौरस, वरचा २० मिलिमीटर भाग १० मिलिमीटर गोल करून धडात कुसासारखा बसवा. धडातले भोक थोडे तिरपे पाडा, पाय खाली किंचित फाकले की बैल उभा शोभतो. वशिंड वेगळे चिकटवण्यापेक्षा धडातच सोडा, पोट्टे त्यालाच धरून उचलतात.

शिंगे बांबूची, ५ मिलिमीटरपेक्षा बारीक नको, टोक गोल. खिळ्याचे शिंग चुकूनही नको.

तोंडावर पडण्याचे कारण दोरी. मानेला बांधली की ओढ वरून येते आणि पुढचे पाय टेकू होतात. तान्ह्या पोळ्याचा नंदी पाहा, चाकाच्या पाटीवर उभा असतो आणि दोरी पाटीला असते, बैलाला नाही. पाटी तोंडाच्या पुढे तीन बोटे जाऊ द्या आणि पुढची चाके पुढच्या पायांच्याही पुढे लावा.

शेवाळकाठी

लाकडाबद्दल माझा वेगळा विचार आहे. एवढी मेहनत घेता तर शिवण-निंबाऐवजी सागच का नको? गडचिरोली-चंद्रपूरच्या सागाला तोड नाही. सुताराकडे दारे-चौकटीचे तुकडे पोत्याने मिळतात, वाळलेलेही असतात.

पाचर

तुकडे मिळत असतील तर जरूर घ्या, त्यात वादच नाही. बांधावरचा साग मात्र खेळण्यासाठी तोडू नका. १९६४ च्या झाडतोड नियमनाच्या कायद्यात साग आहे, मालकीच्या शेतातला असला तरी परवानगी लागते. आणि बैलाला साग मला पटत नाही. तो जड, कोरताना त्याचे कण पटाशीची धार लवकर मारतात, बारीक भुसा काहींच्या अंगाला खाजवतो. शिवण हलकी, वाळली की जागची हलत नाही, चाकूनेही कोरता येते. चाकाला आणि जुवाला साग लावा, बैल शिवणीचा करा. निंब कडू असतो, चावऱ्या पोट्ट्यांसाठी हाही एक गुणच.

पळस, सावर, पांगारा आत्ता फुलांनी लाल झालेले दिसतात म्हणून त्यांचा मोह होतो. लाकूड तिन्हींचे मऊ. पांगारा डोके-धडाला चालेल, खिळी धरत नाही. सावर लगेच काळीनिळी पडते. काळा कुडा मिळाला तर सोडू नका, पांढरेशुभ्र बारीक रेषेचे लाकूड, कर्नाटकातल्या चन्नपट्टणची रंगीत खेळणी त्याचीच असतात.

दोन गोष्टी मात्र अजिबात नाहीत: बिब्याचे लाकूड आणि कण्हेरीची काठी. बिब्याचा चीक उततो, अंगावर फोड आणतो, हे सगळ्यांना माहीत आहे, पण फाट्यांच्या ढिगात साल सोललेला बिबा ओळखू येत नाही. कण्हेर सरळ आणि सोपी म्हणून कोणीतरी रुमण्याला (अवजाराच्या मुठीच्या दांडीला) वापरतेच. ती विषारी आहे.

घाणीवाला

रंग-तेलाचे. जवस नुकताच निघाला आहे, घाणीवर ताजे कच्चे तेल मिळते, तेच न्या. हार्डवेअरच्या दुकानातले ‘डबल बॉइल्ड’ जवस तेल आणू नका. ते लवकर सुकावे म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. फल्ली (शेंगदाणा) तेल सुकतच नाही, चिकट राहून खवट होते. करंज तेलाचेही तेच, शिवाय पोटात जायला नको.

लावायची रीत: लाकूड घासून गुळगुळीत करा, ओल्या फडक्याने पुसा, वाळले की उभी राहिलेली लव पुन्हा बारीक पॉलिश पेपरने काढा. तेल कोमट करून फडक्याने लावा, वीस मिनिटांनी कोरड्या फडक्याने सगळे पुसून काढा. पृष्ठभागावर चकाकी राहिली तर ती पुढे डिंकासारखी चिकटते. सावलीत ठेवू नका, उन्हात चार दिवस. असे तीन हात. शेवटच्या हाताला चार भाग तेलात एक भाग मधमाशीचे मेण, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून विरघळवलेले.

तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवस तेल सुकताना उष्णता सोडते, चुरगळलेल्या फडक्यात ती कोंडते आणि काडी न लावता पेट घेते. एप्रिलच्या उन्हात कडब्याच्या गंजीजवळ असे फडके पडले तर काय होईल ते सांगायला नको. एकेक फडके तारेवर मोकळे वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

रंगाला गेरू. कुटून, मलमलीच्या कापडातून चाळून, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवा. वाळला की वरून तेल. ऊन-पावसात विटत नाही. काळ्याला काजळी. पळसाची वाळलेली १०० ग्रॅम फुले एक लिटर पाण्यात अर्धे होईतो उकळली तर पिवळा-केशरी रंग येतो, चिमूटभर खायचा सोडा घातला की आणखी लालसर. दिसतो फार गोड, पण उन्हाने उडतो. झुलीला लावा, बैलाला नको. हळदीचेही तसेच.

डब्यातला रंगच लावायचा असेल तर शिसे पाहा. २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगात ९० पीपीएमची मर्यादा आहे, नव्या डब्यावर तसे लिहिलेले असते. जुना उरलेला डबा, किंवा यंत्राला मारायचा रंग, नको.

वर्धाकाठ

घाणीवाले भाऊ, फडक्याचे बरे सांगितले. अंगणवाडीत तीन वर्षांखालचीही आहेत. त्यांना हेच द्यावे का?

तिफण

नाही. त्यांना शिवळा-खिळ्या नसलेला एकच ठोकळ्याचा बैल द्या, वीतभर लांब. सुटणारा कोणताही तुकडा ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीत मावला तर तो घशात अडकू शकतो, खेळण्यांच्या तपासणीचे माप तेच आहे. आतून सव्वा इंच असलेल्या पाइपचा तुकडा जवळ ठेवा, त्यातून गेले ते त्यांच्यासाठी बाद. लांब दोरीही नको, मागून ढकलायची दांडी लावा.

मोठ्यांच्या वखराला दिंड (आडवा ठोकळा) १२ सेंटिमीटर, त्यात दोन जानोळी (पास धरणाऱ्या खुंट्या), पास (खालचे पाते) बांबूच्या सालीची. टिनाची पास करू नका, बोटे कापतात. तिफणीचे चाडे (बी टाकायचे भांडे) आंब्याच्या लाकडाचे, वाटीएवढे, तळाला तीन भोके, त्यात पोकळ वेळूच्या नळ्या, आतून किमान १० मिलिमीटर. ज्वारी किंवा मूग सरसर उतरतो, हरभरा हमखास अडकतो. नळीच्या आतली गाठ तापलेल्या सळईने पूर्ण जाळून काढा, अर्धवट पडदा राहिला की तिथेच दाणे तुंबतात.

कडबा

सगळे लाकडाचेच बोलून राहिले. १२ बंड्यांपैकी चार धांड्याच्या करा, पोट्ट्यांच्याच हाताने. ज्वारीचा जाड धांडा, दोन पेरांच्या मधला तुकडा घ्या. फार कोरडा असेल तर तुकडे होतात, तासभर ओल्या पोत्यात गुंडाळा. साल ४ मिलिमीटर रुंदीने उभी सोला, आतले पांढरे भेंड मोकळे होते. भेंडाचा अंगठ्याएवढा तुकडा म्हणजे तुंबा. सालीच्या सहा चोया दोन-दोन बोटे लांब कापा, तुंब्यात सभोवार खोचा, हे आरे. बाहेरून लांब चोय गोल वळवून आऱ्यांच्या टोकांना बाभळीच्या काट्याने टोचत जा, जिथे टोके एकावर एक येतात तिथे दोन काटे. चोय वळवताना चकाकती बाजू बाहेर ठेवा, आत ठेवली तर मोडते. आख तुराटीचा, सरळ पाहून. जू पऱ्हाटीच्या काडीचे.

चोयेची कड पात्यासारखी कापते. सोलायचे काम मोठ्यांनी करावे, खोचायचे लहानांनी.

वर्धाकाठ

ठीक. आज सात फाटे चिरले, टोकांना मेण लावले, थप्पी गोठ्याच्या उत्तरेला. वजनाचा तुकडा १,१४० ग्रॅम भरला. एक शिवणीचा फाटा आतून पोकळ निघाला, मुंगळ्यांनी खाल्लेला. तो वापरू का?

पाचर

मुंगळे बहुतेक कुजलेलेच पोखरतात. कुजका भाग नखाने दाबून पाहा, जिथपर्यंत नख रुतते तिथपर्यंत तासून टाका. उरलेला टणक असेल तर तिफणीच्या चाड्याला बरा, आधीच पोकळ आहे.